काजूच्या चोथ्यात यीस्ट घातल्यावर प्रथिनं खरंच किती वाढतात?

प्रश्न विचारणारे वेंगुर्ल्याजवळचे आहेत. घरची काजूची बाग, सहा गाई, शंभरेक कोंबड्या. गावातला एक बचतगट बोंडांचा रस काढून सरबत करतो आणि हंगामात रोज तीन-चारशे किलो चोथा यांच्या दारात फुकट आणून टाकतो. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत त्यांनी पाहिलं, की या चोथ्यात बेकरीचं यीस्ट आणि थोडा युरिया घालून दोन दिवस झाकून ठेवलं की ८ टक्के प्रथिनांचे ४० टक्के होतात आणि पेंड विकत घ्यावी लागत नाही. हे खरं का? आणि तेच वाळवून, दळून माणसांना खाता येईल का?

आधी उत्तर सांगून टाकतो. यीस्टमुळे चोथ्यातली प्रथिनं वाढतात, हे खरं आहे. ४० टक्के होत नाहीत. नीट केलं तर १५ ते १७ पर्यंत जातात, घाईत केलं तर १२-१३, आणि त्या १२-१३ मधली वाढही बरीचशी कागदावरचीच असते. माणसांच्या खाण्याचं म्हणाल तर घरच्या ढिगातलं नको. का ते पुढे येईलच.

मी डिस्टिलरीच्या फर्मेंटेशन विभागात निम्मं आयुष्य काढलं, नंतर पशुखाद्यात आलो. दोन्हीकडे एकच सवय लागली: टक्के बाजूला ठेवायचे आणि किलो मोजायचे. तुमचा प्रश्न त्याच पद्धतीने सोडवू.

यीस्ट हे एक बारीक जनावर समजा. गाईला वैरण, तशी त्याला साखर. प्रथिन बांधायला नत्र, आणि श्वासाला हवा. भरपूर हवा असली तर १ किलो साखरेवर साधारण अर्धा किलो सुकं यीस्ट तयार होतं. हवा नसली तर तेवढ्याच साखरेवर जेमतेम १०० ग्रॅम, कारण बाकीच्या साखरेची दारू आणि वायू होतो. सुक्या यीस्टमध्ये ४५ ते ५० टक्के प्रथिन असतं. म्हणजे सगळं मनासारखं घडलं तरी साखरेच्या वजनाच्या पावपट प्रथिन मिळतं, त्यावर नाही. ही मर्यादा ना व्हिडिओने वाढते ना महागड्या कल्चरने.

आता तुमचा चोथा. त्याचा रिपोर्ट माझ्याकडे नाही, म्हणून समजा १०० किलो ओल्या चोथ्यात ७६ किलो पाणी, २४ किलो सुका माल, त्यात ९ टक्के म्हणजे सव्वादोन किलोच्या आत प्रथिन आणि रस काढल्यावर मागे राहिलेली ६ किलो साखर. हवा पुरेपूर मिळाली तर या ६ किलो साखरेचं ३ किलो यीस्ट होईल आणि त्यात साधारण १.४ किलो नवं प्रथिन. सुका माल २४ वरून २१ किलोवर येईल. एकूण प्रथिन साडेतीन किलोच्या आसपास, म्हणजे १७ टक्के. ही झाली कमाल.

ढीग झाकून ठेवला, हवा लागली नाही, तर यीस्ट ६०० ग्रॅम, त्यातलं नवं प्रथिन पावणेतीनशे ग्रॅम. साखर मात्र पूर्ण संपलेली. सुका माल १८ किलो ६०० ग्रॅम राहिला. प्रथिन १३ टक्के! आणि बाहेरून नत्र घातलंच नसेल, तर यीस्टने चोथ्यातलंच नत्र उचलून आपल्या अंगात घातलेलं असतं. नवं प्रथिन शून्य. तरीही रिपोर्टवर साडेअकरा टक्के दिसतील, कारण भागाकारातला खालचा आकडा लहान झालाय. दूध आटवलं की साय जाड वाटते, तसंच हे. ९ चे साडेअकरा झाले, पण प्रथिन एक ग्रॅमही वाढलं नाही, उलट साखर गेली, जी गाईच्या पोटात कामाला आली असती.

मग ४० टक्के कुठून येतात? युरियातून.

प्रयोगशाळा प्रथिन मोजत नाही. ती नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. ही पद्धत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये कोपनहेगनमध्ये काढली, तीसुद्धा कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत, धान्यातलं नत्र मोजायला. पद्धत उत्तम आहे, पण तिला यीस्टमधलं नत्र आणि युरियातलं नत्र यातला फरक कळत नाही. २००८ साली चीनमध्ये दुधात मेलामाइन हे नत्राने भरलेलं रसायन मिसळलं गेलं ते याच आंधळेपणाचा फायदा घेऊन. युरियात ४६ टक्के नत्र असतं. म्हणजे १ किलो युरिया रिपोर्टवर २ किलो ८७० ग्रॅम ‘प्रथिन’ म्हणून उमटतो. वरच्या ३ किलो यीस्टला लागतो फक्त अर्धा किलो युरिया. तुम्ही २ किलो घातला तर दीड किलो तसाच पडून राहतो आणि रिपोर्टमध्ये सव्वाचार किलो ‘प्रथिन’ वाढवतो. व्हिडिओवाल्याने खोटं बोलायचं म्हणून सांगितलं असेल असं नाही. त्यालाही रिपोर्ट तसाच आला असेल आणि तो खूश झाला असेल.

हसू नका, आम्हीही झालो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, बारीक भुश्यावर मळी आणि यीस्ट टाकून आम्ही पशुखाद्य केलं. रिपोर्ट ३१ टक्के. वरिष्ठांनी पेढे वाटले. मग एका म्हाताऱ्या केमिस्टने नमुना कोमट पाण्यात ढवळून गाळला आणि गाळलेलं पाणी तपासायला दिलं. नत्राचा मोठा वाटा पाण्यात उतरला होता. यीस्ट पाण्यात विरघळत नाही, युरिया विरघळतो. त्या दिवसापासून मी प्रयोगशाळेला ‘क्रूड प्रोटीन’ (सगळं नत्र गुणिले ६.२५) याबरोबर ‘ट्रू प्रोटीन’ (खरं प्रथिन) हेही मागतो आणि युरियाची वेगळी चाचणी मागतो. थोडे पैसे जास्त जातात. जाऊ द्या.

गाईच्या पोटात थोडा युरिया चालतो, हे खरं. तिच्या कोठीपोटातले जंतू त्याचं प्रथिन करतात, म्हणून तर भाताच्या पेंढ्यावर ४ टक्के युरियाची प्रक्रिया करून एकवीस दिवस दाबून ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे. पण एकूण सुक्या आहाराच्या एक टक्क्याच्या वर नाही, सवय हळूहळू लावायची, वासरांना नाही आणि कोंबड्यांना तर अजिबात नाही. कोंबडीला त्याचा उपयोग शून्य. ढिगात युरिया नीट मिसळला गेला नाही आणि एखाद्या गाईला त्याचा गठ्ठा मिळाला, तर लाळ, थरथर, पोटफुगी आणि काही तासांत खेळ खलास. शिवाय शेतीचा अनुदानित, निमकोटेड युरिया या कामाला वळवणं कायद्यात बसत नाही. पशुखाद्याच्या दर्जाचा वेगळा मिळतो, नाहीतर अमोनियम सल्फेट वापरा. त्यात २१ टक्के नत्र, म्हणजे युरियाच्या दुपटीहून थोडं जास्त लागेल.

आता हवा. सगळी गंमत आणि सगळा त्रास इथेच.

बेकरीच्या यीस्टची एक खोड आहे. समोर साखर भरपूर दिसली की हवा असूनही ते दारू करायला लागतं. म्हणून बेकरी यीस्टचे कारखाने साखर एकदम घालत नाहीत. टाकीत मळी थेंबाथेंबाने सोडतात आणि खालून प्रचंड हवा देतात, म्हणजे यीस्ट कायम अर्धपोटी राहतं आणि मिळालेली साखर अंग वाढवायला वापरतं. ही युक्ती पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जर्मनी आणि डेन्मार्कमध्ये निघाली. त्याच युद्धात जर्मनीत बाहेरून येणारा चारा-धान्य तुटलं आणि त्यांनी मळी व अमोनियाच्या क्षारांवर यीस्ट वाढवून जनावरांना आणि माणसांनाही घातलं. दुसऱ्या महायुद्धात ते लाकडाच्या साखरेवर आणि कागद गिरणीच्या सांडपाण्यावर गेले. तिथे वापरलं ते टोरुला यीस्ट, कॅन्डिडा युटिलिस. त्याला ती दारूची खोड नाही, आणि बेकरीच्या यीस्टला न पचणारी लाकडातली पाच कार्बनची साखर, झायलोज, तेही ते खातं. आपल्याकडे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, असली कल्चर तिथून मिळतात. पण सांभाळायला प्रयोगशाळा लागते. तुम्ही बेकरीचंच वापरा.

तुमच्या मनात येईल की चोथा कशाला, रसच ड्रममध्ये भरून मत्स्यालयाचा पंप लावू. कागदावर करून बघू. १०० लिटर रसात १० किलो साखर, ५ किलो यीस्ट करायचं, त्याला साधारण ४ किलो प्राणवायू लागतो. मोठे बुडबुडे वर येऊन फुटतात, त्यांतला फार तर ५ टक्के प्राणवायू रसात विरघळतो असं धरा. म्हणजे जवळपास ३०० घनमीटर हवा द्यावी लागेल. मिनिटाला ४ लिटर देणारा छोटा पंप दिवसाला पावणेसहा घनमीटर देतो. पन्नास दिवस! तोवर ड्रममध्ये काय तयार झालेलं असेल ते सिंधुदुर्गातल्या माणसाला मी सांगायला नको. पलीकडे गोव्यात त्याचीच परवानाधारक भट्टी लागते आणि उर्राक, फेणी होते. इकडे महाराष्ट्रात विनापरवाना असलं काही सापडलं तर उत्पादन शुल्कवाले ‘पशुखाद्य करत होतो’ हे ऐकून घेणार नाहीत.

चोथ्याचं त्या मानाने बरं, कारण पसरला की हवा फुकट लागते. पण पातळ पसरला तरच. हवेबरोबर यीस्ट उष्णताही सोडतं. ६ किलो साखरेवर ३ किलो यीस्ट होताना १०० किलोच्या ढिगात इतकी उष्णता निघते, की ती अडकून राहिली तर तापमान हिशेबाने ९० अंशांनी चढेल. अर्थात तेवढं चढत नाही, ४० च्या पुढे यीस्टच गारद होतं आणि त्याची जागा भलते जंतू घेतात. एका गोठ्यात आम्ही असाच दीड फुटाचा थर लावून ताडपत्री टाकली होती. रात्री दोनला गेलो, हात कोपरापर्यंत आत घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर काढला. थर्मामीटर ४७ दाखवत होता. वरच्या दोन इंचांना पावासारखा छान वास, मधे दारूचा दर्प, तळाशी आंबट, कुजका. एकाच ढिगात तीन मजले. सकाळी ते सगळं खताच्या खड्ड्यात गेलं.

यीस्टबद्दलचा आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू, कारण प्रश्नात तुम्ही ‘नंतर पेंढ्यावर आणि पालापाचोळ्यावरही करू’ असं लिहिलंय. यीस्ट भुसा खात नाही. पेंढा, बगॅस, लाकूड यांतली साखर सेल्युलोजच्या साखळ्यांत आणि लिग्निनच्या कुलपात बंद असते. आधी आम्ल, वाफ किंवा विकर वापरून ते कुलूप तोडावं लागतं. १९४१ नंतर वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये लाकडाचा भुसा आम्लाने फोडून त्या साखरेवर यीस्ट वाढवलं आणि कँटीनमधून त्याचं सूप वाटलं. उपाशी शहराला खर्च विचारायचा नसतो. आज नॉर्वेत ओस इथल्या कृषी विद्यापीठात स्प्रूसच्या लाकडाच्या साखरेवर हेच टोरुला यीस्ट वाढवून सॅल्मन मासे आणि डुकराची पिल्लं यांच्यावर प्रयोग झालेत. त्यांच्याकडे जंगल आहे, माशांचा मोठा धंदा आहे आणि सोया मात्र ब्राझीलहून आणावं लागतं. त्यांनी करावं. तुमच्या पेंढ्याला यीस्ट लावणं म्हणजे कुलूपबंद कोठारासमोर उंदीर सोडणं.

क्यूबाने मात्र आपल्याला जवळची गोष्ट केली. उसाचे साल-पानं काढून तुकडे केले, त्यावर दीडेक टक्का युरिया आणि थोडे क्षार टाकून पातळ पसरले आणि उसावरच्या नैसर्गिक यीस्ट-जंतूंना काम करू दिलं. नाव ‘साकारिना’. ते चालतं, कारण उसात मोकळी साखर भरपूर. आणि काजूच्या चोथ्यावर बेकरी यीस्टचे प्रयोग झालेत ते ब्राझीलमध्ये, जिथून पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात हे झाड आपल्याकडे आणलं. तेव्हा तुमची कल्पना वेडी नाही. फक्त आकडा फुगवलेला आहे.

करायचंच असेल तर मी असं करीन.

चोथा त्याच दिवसाचा घ्यायचा. सकाळी काढलेला संध्याकाळपर्यंत पडून राहिला की त्यातली साखर रानटी यीस्टने आधीच खाल्लेली असते. तुमच्या गुरांनी झाडाखालची सडकी बोंडं खाऊन झिंगताना पाहिलं असेलच. १०० किलो चोथ्यात ८-१० किलो भाताचा कोंडा मिसळा, म्हणजे चिखल मोकळा होतो आणि मधून हवा खेळते. मुठीत दाबल्यावर बोटांतून पाणी थेंब थेंब यायला नको, पण मूठ उघडल्यावर गोळा टिकायला हवा. बोंडाचा आंबटपणा यीस्टला मानवतो आणि बऱ्याच नासक्या जंतूंना दूर ठेवतो, म्हणून इथे सोडा वगैरे घालून आंबटपणा मारायची गरज नाही. वाफवलं तर उत्तम, तुरटपणाही कमी होतो, पण रोज तीनशे किलो वाफवायला लाकूड कुठून आणणार? मी वाफवणार नाही.

बेकरीतलं दाबलेलं ओलं यीस्ट १ किलो, कोमट पाण्यात कालवून, अर्धा तास तसंच ठेवून मग शिंपडायचं. सुकं घेतलं तर ३०० ग्रॅम पुरे. अमोनियम सल्फेट किंवा पशुखाद्य युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून झारीने, कोरडा कधीही नाही. युरिया अर्धा किलोच, आणि पहिल्यांदा त्याहूनही कमी. कोकमं वाळवायला वापरता तसल्या जाळीच्या किंवा बांबूच्या तट्ट्यांवर थर द्यायचा, जाडी दोन बोटं, फार तर तीन. सावलीत. पहिले चोवीस तास दर तीन-चार तासांनी हाताने उलटायचं. त्यासाठी रात्री उठावं लागतं, हे व्हिडिओत सांगत नाहीत. हात लावल्यावर कोमट लागलं पाहिजे, गरम लागलं तर थर पातळ करायचा. वास ताज्या पावाचा यायला हवा. दारूचा आला तर हवा कमी पडली. डोळ्यांत झोंबणारा अमोनिया आला तर नत्र जास्त झालं, ते उडून चाललंय. काळी, हिरवी, पिवळी बुरशी दिसली तर तो भाग खरवडून बाजूला काढून उरलेला वापरायचा नाही, तट्ट्यावरचा सगळाच माल खताला. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष गाईच्या पोटातून दुधात उतरतं, आणि दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे.

तीस-छत्तीस तासांनी थांबवायचं आणि लगेच वाळवायचं, ओलावा १०-१२ टक्क्यांच्या खाली. हे वाळवणं म्हणजे या धंद्याचं खरं बिल. १०० किलो चोथ्यातून सत्तरहून जास्त लिटर पाणी उडवायचंय. लाकडाच्या साध्या भट्टीवर ते करायला तीसेक किलो लाकूड जाईल. म्हणजे एप्रिल-मेचं फुकटचं ऊन हाच तुमचा नफा. जूनचा पहिला पाऊस येण्याआधी दुकान बंद.

गाईला दिवसाला पाव किलोपासून सुरुवात करून पंधरा दिवसांत एक ते दीड किलोपर्यंत न्या, त्याहून जास्त नको. बोंडाच्या तुरटपणातलं टॅनिन प्रथिनाला चिकटून बसतं, जास्त झालं की दिलेलं प्रथिन शेणात निघून जातं. कोंबड्यांसाठी करायचं तर युरियाशिवाय करा आणि खाद्यात ५ टक्क्यांवर जाऊ नका. चोथ्यात धागा फार, कोंबडीला तो झेपत नाही. आणि वाळवताना यीस्ट मरतं का याची काळजी करू नका, मरायलाच हवं. जिवंत यीस्ट किलोभर पोटात गेलं तर तिथेही ते साखर शोधून वायू करतं. पावडरच्या पुड्यांत मिळणारं ‘जिवंत यीस्ट’ काही ग्रॅमांत देतात, त्याचं काम पचन सुधारणं. प्रथिन पुरवणं हा त्याचा धंदा नाही.

माणसांच्या खाण्याचं आता. यीस्ट आपण खातच आलोय. गोव्यात सुरेने फुगवलेली सान्नं, पाव, सगळीकडे ते आहे. इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंट या बिअरच्या गावी दारूभट्टीचं उरलेलं यीस्ट आटवून १९०२ पासून मार्माइट करतात आणि लोक ते ब्रेडला लावून आवडीने खातात. पण पेंडीसारखं ताटात घेऊन खायला अडचण आहे न्यूक्लिक आम्लांची. सुक्या यीस्टमध्ये ती ६ ते १२ टक्के असतात आणि माणसाच्या शरीरात त्यांचं यूरिक आम्ल होतं. ज्यांना गाऊट आहे त्यांना अंगठ्याचा ठणका आठवेल. संयुक्त राष्ट्रांच्या प्रथिन सल्लागार गटाने मोठ्या माणसाला यीस्टसारख्या स्रोतातून दिवसाला २ ग्रॅम न्यूक्लिक आम्लांची मर्यादा घातली, म्हणजे साधारण वीस ग्रॅम यीस्ट. कारखान्यात ठरावीक तापमानाला काही काळ धरून यीस्टचीच विकरं ती आम्लं तोडतात आणि मग धुऊन काढतात. गोठ्यातल्या तट्ट्यावर हे होत नाही, आणि तिथे यीस्टबरोबर आणखी कोण वाढलंय हेही डोळ्यांनी कळत नाही. गाय, मासा यांना हा त्रास नाही, त्यांच्याकडे यूरिक आम्ल पुढे तोडायची सोय आहे. आणखी एक, शाकाहारी मंडळींसाठी: यीस्टमध्ये बी-गटातली बरीच जीवनसत्त्वं असतात, पण बी-१२ नसतं. डब्यावर लिहिलेलं असेल तर ते बाहेरून घातलेलं असतं.

पैशाचं गणित छोटं आहे. रोज ३०० किलो चोथ्यातून, सगळं उत्तम जमलं तर, खरं नवं प्रथिन ४.२ किलो. ४५ टक्क्यांच्या सोयापेंडीच्या भाषेत सव्वानऊ किलो पेंड. तुमच्या बाजारातला पेंडीचा भाव त्याला लावा, आणि समोर यीस्ट, क्षार, कोंडा आणि रात्री उठणाऱ्या दोन माणसांची मजुरी मांडा. पहिल्या हंगामात बरोबरीत सुटलात तर मी पाठ थोपटेन. यीस्टचा खर्च कमी करायला आदल्या घाण्यातलं पाच-सात टक्के जामण पुढच्या घाण्याला लावता येतं, दुधाला विरजण लावतो तसं. पण तीन-चार वेळांच्या वर नको, मग रानटी जंतू घर बळकावतात. मोठ्या प्रमाणात यीस्टचं प्रथिन स्वस्त पडतं ते जिथे साखर पातळ स्वरूपात टाक्यांनी उपलब्ध आहे, किंवा जिथे यीस्ट आधीच तयार होऊन वाया जातंय, तिथे. डिस्टिलरी, बिअरचा कारखाना. छत्रपती संभाजीनगरकडे बिअर कारखान्यांतला बार्लीचा ओला चोथा गाईंना घालतात, त्यामागे हाच व्यवहार.

तुमच्या जागी मी असतो तर निम्मा चोथा यीस्टशिवायच वाचवला असता. ८० किलो ताजा चोथा आणि २० किलो कापलेला भाताचा पेंढा एकत्र केला की ओलावा ६३ टक्क्यांच्या आसपास येतो. मुरघासाला, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या चाऱ्याला, अगदी बेताचा. जाड पिशवीत किंवा झाकणाच्या ड्रममध्ये पायाने दाबून, हवा काढून, बंद. दीड महिन्याने उघडायचं. प्रथिन वाढत नाही, पण वाळवायचं नाही, उठायचं नाही, आणि पावसाळ्यात ओल्या गवतावर तोंड फिरवणारी गाय ते चाटून खाते. हौस आणि शिकणं म्हणून पन्नास किलोचे यीस्टचे प्रयोग बाजूला चालू द्या.

फेब्रुवारीअखेर पहिली बोंडं पडायला लागतील. पहिल्याच आठवड्यात ताज्या चोथ्याचा एक किलो नमुना बर्फात घालून तपासणीला पाठवा, ओलावा, एकूण साखर आणि क्रूड प्रोटीन मागा. यीस्टचा पहिला घाणा वाळला की त्याचा दुसरा नमुना, त्यात ट्रू प्रोटीन, युरिया आणि अफ्लाटॉक्सिन. ओल्या चोथ्यात साखर ४ टक्क्यांच्या खाली निघाली, म्हणजे बचतगटाचा प्रेस चांगला आहे. मग बेकरीत जाऊच नका, सगळाच मुरघास करा.